सातव्या मजल्यावरची एकसष्ट नावं

संगणकाची नवी डिस्क सातव्या मजल्यावर टोपलीतून गेली. टोपलीत खाली दोन पावांची चवड, वर पुदिन्याची जुडी, आणि मध्ये पुठ्ठ्याच्या डबीत डिस्क. सिरवार्तबाई गॅलरीतून दोरी ओढत होत्या. संगणक दुरुस्त करणारा झारे गल्लीत मान वर करून उभा होता. आमच्या भाषेत बाईंना दिगीन म्हणतात.

"दिगीन सिरवार्त, हळू ओढा! अंड्यांपेक्षा नाजूक आहे."

"मग एवढी हलकी कशी? जुनी तर वीट होती."

"जुनीच्या आत तबकडी फिरते. हिच्या आत काहीच फिरत नाही. बसल्या जागी काम."

"म्हणजे माझ्यासारखीच," बाई वरून म्हणाल्या. भाजीवाला हसला. बाई हसल्या नाहीत.

तेव्हा त्यांना सातव्या मजल्यावरून खाली उतरून सोळा महिने झाले होते. उजवा गुडघा गेलेला. जिना एकशे सव्वीस पायऱ्यांचा. लिफ्ट होती, पण ती फक्त सरकारी विजेवर चालायची, आणि सरकारी वीज दिवसाकाठी दोन तास, कधी तेही नाही, आणि वेळेचा पत्ता नाही. आधीच्या वर्षी मार्चमध्ये बाई लिफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. तीन तास. आम्ही दार पहारीने फाकवलं, तर समोर निम्मी भिंत आणि वर बाईंच्या चपला. त्या दिवसापासून त्यांनी लिफ्टचं नाव घेतलं नाही. पाव, भाजी, औषध, सगळं टोपलीतून वर. रिकामी बाटली, कचरा, पत्र, सगळं टोपलीतून खाली. आमच्या वस्तीत, बुर्ज हम्मूदमध्ये, टोपली घरोघरी आहे. पण टोपली सोडून दुसरा रस्ताच नाही अशा बाई आमच्या इमारतीत त्या एकट्याच.

मी सहाव्या मजल्यावर राहतो. एक्केचाळीस वर्षं भरतकामाची आणि विणकामाची यंत्रं दुरुस्त केली. सिरवार्तबाईंना मी त्या कारखान्यात यंत्रावर उभ्या राहत तेव्हापासून ओळखतो. त्यांच्यासारखा टाका मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. यंत्र एक सुई चुकवायला लागलं की मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. त्या मला, कारागिराला म्हणतात तसं, उस्ता म्हणून बोलवायच्या, "उस्ता मेस्रोप, सातवी सुई खोटं बोलतेय." मी उघडून बघायचो. सातवीच असायची.

नोर मराशच्या गल्लीत त्यांचा जन्म. आई मराशचं भरतकाम करायची. हे काम असं: मखमलीवर आधी टाक्यांची विरळ जाळी घालायची, मग तिच्यात दुसरा दोरा वर-खाली विणत न्यायचा. सुई कापडात शिरत नाही, नुसती जाळीतून फिरते. सरळ ओळ कोणीही घेईल. खरं काम कोपऱ्यात. दोरा कोपऱ्यावर कसा वळवला यावरून बाई ओळखता यायची. वहीत सही असते तशी.

मराश हे मूळ गाव सोडून आलेल्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या मुली त्या गल्लीत भरपूर होत्या. सिरवार्तबाई कारखान्याच्या सुट्टीला त्यांच्याकडे जाऊन बसायच्या. कापड मांडीवर घ्यायच्या, चौकटीच्या कागदावर टाका न् टाका उतरवायच्या. एका नमुन्याला दोन रविवार लागायचे. हे त्यांनी वीस वर्षं केलं. पैसे कोणी देत नव्हतं, मागतही नव्हत्या. पुढे कारखान्यात संगणक आला, बाई तो शिकल्या, आणि नवरा तोरोस गेल्यावर त्यांनी घरीच तसला संगणक घेऊन नमुने आखून द्यायचं काम सुरू केलं. पाद्रींचे झगे, वेदीचे पडदे, लग्नाच्या चादरी. त्यांनी आखायचं, कारखान्यात यंत्राने भरायचं. आणि फावल्या वेळात म्हाताऱ्यांचे कागद त्या एकेक करून संगणकात घालत गेल्या. एकसष्ट बायका, प्रत्येकीच्या नावाचा एक कप्पा. एकसष्टावं नाव त्यांचं स्वतःचं.

कागद उरले नाहीत. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली तेव्हा माळ्यावरच्या पेट्यांचा लगदा झाला. कापडंही उरली नाहीत, ती म्हाताऱ्यांबरोबर गेली किंवा नातवंडांबरोबर परदेशी. झारेने एकदा सगळं एका सीडीवर घेऊन दिलं होतं. ती खिडकीत राहिली, उन्हाने तिची पाठ सोलली. म्हणजे ते एकसष्ट नमुने जगात एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण, म्हणजे संगणकातली जुनी डिस्क, जूनपासून टिकटिक करत होतं.

टिकटिक मला ओळखीची आहे. धातू झिजला की तो बोलतो. बाईंनी मला वर बोलावलं, मी संगणकाच्या पेटीला कान लावला.

"सातवी सुई?" त्या म्हणाल्या.

"सगळ्याच," मी म्हणालो.

झारेचं दुकान आमच्याच गल्लीत. वय पन्नास, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता संगणक. तो म्हणाला, पेटी खाली पाठवा, दुकानात करतो. बाईंनी ऐकलं नाही. पूर्वी एकदा पेटी दुसऱ्या एका दुकानात गेली होती, ती पुसून परत आली होती. तेव्हा आत गमावण्यासारखं काही नव्हतं. आता होतं.

"मग मी येतो वर," झारे फोनवर म्हणाला. "पण एकशे सव्वीस पायऱ्या आहेत, दिगीन. कॉफी दोनदा लागेल."

बाईंची मुलगी आर्पी मार्सेलला असते. ती रोज फोन करायची. डिस्कचं तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, ते मशीन बंद पडलं की तू काय करणार तिथे? भिंतीकडे बघत बसणार? इथे खोली रिकामी आहे."

"खोली इथेही आहे," बाई म्हणाल्या.

"इथे लिफ्ट चालते."

"आणि खाली उतरून मी कुणाशी बोलू? फ्रेंच पाववाल्याशी?"

"मशीन गेलं तर येशील?"

"नमुने गेले तर इथे माझं काय आहे," त्या म्हणाल्या. आर्पीने ते वचन मानलं. मी तिथेच बसलो होतो. मलाही ते वचनच वाटलं.

जुलैचा दुसरा आठवडा. झारे सकाळी सव्वासहाला वर आला, दारातच बसला, आणि पाणी प्यायला. संगणक गॅलरीत. गॅलरीला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवून खोली केलेली, रुंदी एका माणसाची. एका बाजूला टेबल, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे. खुर्ची मागे सरकवली की ओली चादर मानेला लागायची. बाई दिवसाचे दहा तास तिथे बसायच्या. तिघं मावत नव्हतो. मी दारात उभा राहिलो.

जुनी डिस्क मोठी, नवी तळहाताएवढी. पेटीतल्या खाचेत नवी बसेना, चारी बाजूंनी मोकळी. झारे म्हणाला, "लटकू दे, हिला काय, फिरत तर नाही. दोन वायरींवर लोंबकळत राहील वर्षानुवर्षं."

"माझ्या घरात काही लोंबकळणार नाही," बाई म्हणाल्या.

मी खाली जाऊन पत्र्याची पट्टी कापून आणली. चार भोकं, कडा घासलेल्या, दोन काटकोन. वीस मिनिटं लागली. डिस्क पट्टीवर चार स्क्रूंनी, पट्टी पेटीला दोन स्क्रूंनी. हलवून पाहिली. हलली नाही. झारे म्हणाला, "उस्ता, हिच्यावर आता इमारत बांधता येईल." त्याने एक केबल डेटाची लावली, एक विजेची. लावताना टक् असा आवाज आला पाहिजे. आला.

मग त्याने ठरवलं ते असं: जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं. एका दमात. प्रणाली, आखणीचा प्रोग्राम, म्हाताऱ्या, सगळं. पाच तास लागतील. गल्लीचा जनरेटर सकाळी सहा ते दुपारी दोन. सातला सुरू केलं तर बारापर्यंत आटपतं.

"मध्ये थांबलं तर?" मी विचारलं.

"तर नवीवर अर्धवट माती. पुन्हा पहिल्यापासून. आणि जुनीला पुन्हा पहिल्यापासून झेपेल का, हे तिला विचारा."

टेबलाखाली बॅटरीचा डबा होता, वीज गेली तर संगणक दहा मिनिटं धरून ठेवणारा. त्याची बॅटरी दोन हिवाळ्यांपूर्वी मेली होती. बाई त्यावर पाय ठेवायच्या. आधी नवी बॅटरी आणायची, मग डिस्कला हात लावायचा, हा योग्य क्रम होता. मला तो माहीत होता. जनरेटर चालू आहे तोवर काय होतंय, असं आम्ही तिघांनीही धरलं. कामात धरून चालणं म्हणजे काम न करणंच. हे मी शिकवत आलो, आणि त्या दिवशी मीच केलं नाही.

झारे निघताना दारात उभा राहून बोटं मोजू लागला. "इस्त्री नाही. गीझर नाही. केस वाळवायचं यंत्र नाही."

"केस कुठले राहिलेत?"

"फ्रिज बंद. आणि दिगीन, सरकारी वीज आली तर येऊ दे. स्विचला हात लावू नका. जनरेटरवरच राहा."

"मी काय लहान आहे, झारे?"

"लहान असता तर ऐकलं असतं," झारे म्हणाला आणि गेला.

स्विचचं सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक घरात तो असतो. दांडा वर केला की घर सरकारी विजेवर, खाली केला की जनरेटरवर. वर एक लाल दिवा. सरकारी वीज आली की तो लागतो. लागला की दांडा वर करायचा, लगेच, कारण जनरेटरची वीज महाग, आणि सरकारी किती वेळ टिकेल कोणाला माहीत. वर करताना घर दोन सेकंद अंधारतं. कोणाचं त्याकडे लक्षही नसतं. लहानपणापासून हात तेच करत आलाय. बाईंचा स्विच त्यांच्या टेबलाच्या उजव्या बाजूला, बसल्या जागी हात पोचेल असा. गुडघा गेल्यावर मीच तो तिथे आणून बसवला होता.

आम्ही बसलो. पडद्यावर एक पट्टी भरत होती. टिकटिक चालू होती, मध्येच थांबायची, मग दोनदा जोरात. थांबली की बाई श्वास धरायच्या. आठ वाजता एकोणीस टक्के. नऊला चाळीस. गॅलरीच्या काचा तापल्या. पंखा होता, पण बाईंनी तो पेटीकडे वळवला. आम्ही घामाने भिजलो, पेटी वाऱ्यात बसली. उठून कुठे जायचं तर घरात जागा तीन, आणि तिन्हींमधून ती पट्टी दिसत नव्हती. म्हणून गॅलरीतच.

"तोरोस असता तर एव्हाना ओरडला असता," बाई म्हणाल्या. "त्याला वाट बघता येत नव्हती. पाणी उकळायच्या आत चहा ओतायचा."

"तुम्हाला येते?"

"मला दुसरं काय येतं, उस्ता? सोळा महिने तेच करतेय."

मी गॅसवर कॉफी केली. त्यांनी म्हाताऱ्यांची एक वही काढली, नुसत्या नावांची. कोण कुठल्या गल्लीतली, कुणाचा नमुना कशासाठी. येग्सा नावाच्या एका म्हातारीने पाच रविवार दारच उघडलं नव्हतं. सहाव्याला उघडलं, कारण बाई पाऊस अंगावर घेत उभ्या होत्या. आणि मग ती म्हातारी म्हणाली, एवढंच हवं होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं.

दहा चाळीसला एक्काहत्तर टक्के झाले. बाई येग्साच्या कापडाचा रंग सांगत होत्या. "काळं नव्हतं, उस्ता, लोक काळं म्हणतात, ते गर्द जांभळं, वांग्यासारखं, उन्हात धरलं की"

लाल दिवा लागला.

खालून आरडाओरडा झाला, "आली! आली!" प्रत्येक मजल्यावर दारं वाजली. कपडे धुण्याची यंत्रं सुरू झाली, पाण्याचा पंप घुमू लागला, लिफ्टची मोटर चालू झाली. आणि बाईंनी, वाक्य न तोडता, नजर माझ्याकडे ठेवून, उजव्या हाताने दांडा वर केला.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. दोन सेकंदांनी पंखा पुन्हा फिरू लागला, पडदा काळाच राहिला.

मी हे खोटं लिहिणार नाही. माझाही हात उठला होता. स्विच त्यांच्या जवळ होता, एवढाच फरक.

बाईंनी हाताकडे पाहिलं. मग दांडा पुन्हा खाली ओढला, जसं काही झालेलं परत घेता येतं. पंखा पुन्हा थांबून सुरू झाला. त्यांनी हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसल्या.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

मी बटण दाबलं. टिकटिक नाही. टक्, टक्, टक्, ठरावीक अंतराने, आणि मग काहीच नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या. डिस्क सापडत नाही.

झारे लिफ्टने आला, सरकारी वीज होतीच. दारातून म्हणत आला, "काय दिगीन, पार्टी कधी?" मग त्याने आमची तोंडं पाहिली. त्याने स्विचकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि खुर्चीवर बसला.

"माझ्या आईनेही हेच केलं असतं," तो म्हणाला.

"तुझी आई मेली, झारे. मला जिवंत असून अक्कल नाही."

"बाहेरदेशी प्रयोगशाळा असतात. पाठवता येईल. सहा महिने, आणि मिळेलच असं नाही."

"माझ्या हातून जाणार नाही ती."

झारे म्हणाला, मग एकच रस्ता. जुनी काढून थंड होऊ द्यायची. थंड झाल्यावर अशा डिस्का कधी कधी उठतात, थोडा वेळ. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तोवर नवी रिकामी आहे तिच्यावर प्रणाली आणि प्रोग्राम नव्याने घालायचे, सीड्या ड्रॉवरमध्ये आहेत. मग जुनी नुसती शेजारी लावायची आणि एकेक कप्पा ओढून घ्यायचा, जेवढे येतील तेवढे. "सगळे येणार नाहीत. कोणते आधी, ते ठरवून ठेवा. तिला उठवल्यावर विचार करत बसायला वेळ नाही."

झारे म्हणाला, फ्रीजरमध्ये ठेवा. मी ठेवू दिली नाही. गार झालेली गोष्ट बाहेर काढली की तिला घाम येतो. ती स्वयंपाकघरात संगमरवरावर ठेवली, आणि वर पंखा.

बाई वही घेऊन बसल्या. वेदीचा पडदा चर्चचा, ऑगस्टच्या मध्याला द्राक्षांच्या सणाला द्यायचा, अडीच महिन्यांचं काम, निम्मं झालेलं.

"पडदा आधी," त्या म्हणाल्या.

"म्हाताऱ्या?" मी म्हणालो. "पडदा पुन्हा आखता येईल."

"पाच आठवड्यांत नाही येणार. शब्द दिलाय. मग म्हाताऱ्या." त्यांनी पेन्सिल घेतली. "पण वहीच्या क्रमाने नाही. जे मला पाठ आहेत ते शेवटी. जे पाठ नाहीत ते आधी."

मग त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. हात हवेत फिरायचा, वर, खाली, वर, कोपरा. कोपरा आला की समोर खूण. नाही आला की फुली. एकसष्ट नावांना दीड तास लागला. चौतीस फुल्या, सत्तावीस खुणा. मला वाटलं होतं दहा फुल्या निघतील. बाईंनाही तसंच वाटलं असावं. फुल्या त्यांनी पुन्हा एकदा मोजल्या.

नव्या डिस्कवर प्रणाली बसली. संगणक बारा सेकंदांत उघडला. जुना चार मिनिटं घ्यायचा, तेवढ्यात बाई भांडी घासून यायच्या. बाईंनी आत एकसष्ट कप्पे केले, एकेक नाव टाइप करून, न चुकता. नावं सगळी, आत काही नाही.

त्या दिवशी डिस्क उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली, आणि आम्ही ती लावली. उठली. वेदीच्या पडद्याचा कप्पा ओढायला सात मिनिटं गेली. ती सात मिनिटं मी मनात पाद्र्याला काय म्हणालो ते लिहीत नाही. मग फुल्या. एकेक कप्पा अडखळत येई, नमुना आणि कापडाचे फोटो. बाई नाव वाचायच्या, झारे ओढायचा.

"मारीत्सा."

"आली."

"वार्तानुश, पुलाजवळची."

"येतेय. येतेय. आली."

"येग्सा."

झारे थांबला. बाई पुढे वाकल्या. "दार उघड गं बाई," त्या म्हणाल्या, "आज तरी एकदाच सांगते." पट्टी हलली. झारे हसला, "आली, दिगीन. भिजावं नाही लागलं."

एकोणिसाव्या मिनिटाला डिस्क गेली. चौदा नावं झाली होती. पुन्हा संगमरवर, पुन्हा पंखा. तिसऱ्या दिवशी अकरा मिनिटं, अठरा नावं. पाचव्या दिवशी चार मिनिटं, सहा नावं. चौतीस फुल्या सगळ्या आल्या, आणि खुणेच्या चार. मग ती पुन्हा उठली नाही. आम्ही आठ दिवस लावून पाहत राहिलो. नवव्या दिवशी बाईंनीच स्क्रूड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढले, आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

तेवीस कप्पे रिकामे. आर्पीचा फोन आला.

"आई, आता?"

"जे गेले ते मला पाठ आहेत."

"म्हणजे येणार की नाही?"

"पाठ आहेत म्हटलं ना. बसून काढायचे आहेत."

पडदा वेळेवर गेला. सण झाला, त्या गेल्या नाहीत, टोपलीतून द्राक्षं आली. दुसऱ्या दिवशी त्या तेवीसांना लागल्या. एका नमुन्याला दोन रविवार लागायचे ते समोर कापड असताना. आता कापड नव्हतं, कागद नव्हता. डोळे मिटून हात फिरवायचा, उघडून आखायचं, पडद्यावर मोठं करून टाके मोजायचे, पटलं नाही की पुसायचं. दिवसाचे दहा तास, त्याच खुर्चीत, मानेला ओली चादर. हिवाळा गेला. झारेने बॅटरी आणून डब्यात घातली. मी स्विचवर पत्र्याचं झाकण बसवलं, मुद्दाम उघडल्याशिवाय हात जाऊ नये म्हणून. अजूनही सरकारी वीज आली की वरून हात पत्र्यावर आपटल्याचा आवाज येतो.

जूनपर्यंत वीस झाले. दोन येईनात. त्या दोघींपुढे खूण होती, हवेत हात फिरवताना कोपरा आला होता. आता पडद्यावर तो येत नाही. बाई म्हणतात, तेव्हा घाईत हाताने मला फसवलं. मी म्हणालो, जवळपासचा काहीतरी कोपरा घाला, कोणाला कळणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. मी यंत्रात कधी जवळपासचा स्क्रू बसवला नव्हता. मला बोलायचा हक्क नव्हता.

तिसरं राहिलेलं नाव त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी वहीत अगदी शेवटी ठेवलं होतं, कारण त्याची त्यांना काळजीच नव्हती. एकोणिसाव्या वर्षी केलेला उशीचा अभ्रा, लग्नाच्या पेटीसाठी. मी वर गेलो तेव्हा पडद्यावर सरळ ओळ होती, कोपऱ्यापर्यंत आलेली.

"येत नाही?"

"सहा तऱ्हांनी वळवून पाहिलं. सगळ्या आताच्या माझ्या आहेत. तेव्हाची मी कशी वळले होते, कोण जाणे."

फोन वाजला. आर्पी. बाईंनी तो टेबलावर उघडाच ठेवला.

"आई, किती राहिले?"

"तीन."

"मागच्या महिन्यातही तीनच होते. ते येणारच नाहीत. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तीन राहिलेत म्हणून सांगितलं."

पलीकडून आर्पी म्हणाली, जेवलीस का. बाई म्हणाल्या, उस्ता आलेत, कॉफी ठेवते. फोन बंद झाला. कॉफी त्यांनी ठेवली नाही, मीच ठेवली. त्यांनी कोपऱ्यातला सातवा वळसा पुसला, ओळीच्या टोकाशी परत गेल्या, आणि मोजायला लागल्या.